घर अनधिकृत, भाडं मात्र पाच तारखेला

मुंबई, ठाणे, नवी मुंबई किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याने खोली शोधणारा माणूस एजंटाला पुष्कळ प्रश्न विचारतो. पाणी किती वाजता येतं? स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे की रिक्षाने? बॅचलर चालतात का? सुकट भाजलेली चालते का? डिपॉझिटमध्ये थोडं कमी होईल का? एजंट या सगळ्याला तोंड द्यायला तयार असतो. मात्र "इमारतीला ओसी आहे का?" असं कुणी विचारलं, की तो स्कूटर स्टँडवर लावतो आणि गिऱ्हाइकाकडे पहिल्यांदाच नीट बघतो. "साहेब, तुम्हाला राहायचंय की विकत घ्यायचंय?"

माणूस गप्प बसतो, कारण त्याला खरोखर फक्त राहायचंच असतं.

ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि तीत माणसांनी राहायला हरकत नाही, असं पालिकेने लिहून दिलेला कागद. तो नसेल तर कायद्याच्या हिशेबाने त्या घरात कुणीच राहायचं नसतं. मालकाने नाही, भाडेकरूने नाही, आणि चार दिवसांसाठी आलेल्या मालकाच्या सासूबाईंनीही नाही. प्रत्यक्षात त्या इमारतीत दिवाळीला कंदील लागतात, गणपतीची वर्गणी निघते आणि पार्किंगवरून भांडणंही रीतसर होतात. हा मामला फक्त गरीब वस्त्यांचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ताडदेवला जाऊन यावं. तिथल्या एका ३४ मजली टॉवरमधले १७ ते ३४ हे मजले भोगवटा प्रमाणपत्राविनाच वर्षानुवर्षं वसलेले होते. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रिकामे करायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. अनधिकृत घरातूनही समुद्र छान दिसू शकतो.

खाली उतरलं की अनधिकृतपणाचे अनेक प्रकार भेटतात आणि एजंटाकडे प्रत्येकासाठी एक सोज्वळ नाव असतं. "ग्रामपंचायतीच्या परवानगीची बिल्डिंग." "गावठाणातलं काम." "गुंठेवारी आहे, रेग्युलर होणारच आहे." गच्चीवर पत्रे टाकून काढलेली खोली जाहिरातीत 'पेंटहाऊस' होते. पार्किंगमध्ये विटा रचून काढलेल्या खोलीत उन्हाळ्यात गारवा असतो, हे तर मालक विशेष कौतुकाने सांगतो. मग पुरावा म्हणून दोन कागद पुढे येतात, विजेचं बिल आणि घरपट्टीची पावती. महापालिका कर घेते म्हणजे घर पक्कं, हा युक्तिवाद इतका जुना आहे की कायदा करणाऱ्यांनी तो आधीच ओळखून ठेवला. अनधिकृत बांधकामाला दुप्पट शास्ती लावायची तरतूद महापालिका कायद्यात आहे, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हेही त्याच तरतुदीत लिहून ठेवलेलं आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये या शास्तीचा प्रश्न निवडणुकांमागून निवडणुका गाजला आणि शेवटी २०२३ मध्ये सरकारने ती माफ केली. शास्ती माफ झाली. घर अधिकृत करायची वाट मात्र वेगळीच राहिली.

सगळ्यात गोड प्रकार पुनर्वसनातल्या घरांचा. झोपडपट्टी पुनर्विकासात मिळालेलं घर कायद्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत विकता येत नाही, तसंच कुणाला भाड्यानेही देता येत नाही. त्यामुळे तिथे भाडेकरू नसतातच. तिथे भाचे असतात. "तपासणीला कुणी आलं तर तुम्ही आमचे भाचे," असं मालक चावी देतानाच बजावतो. भाचा केरळचा असला आणि मामा साताऱ्याचा, तरी कुणाचं अडत नाही. भाडं रोख द्यायचं. मोबाइलवरून पाठवलंच तर त्यात 'भाडे' असं लिहायचं नाही, 'उसने परत' असं लिहायचं. दर महिन्याला तेवढेच उसने परत करणारा भाचा कुठल्याही मामाला भाग्यानेच मिळतो. हा सगळा जिव्हाळा टिकतो तो मालकाला जास्त भाडं देणारा दुसरा भाचा मिळेपर्यंत. त्या संध्याकाळी मामा येतो आणि म्हणतो, "एक तारखेपर्यंत खोली खाली करा. तसंही तुम्ही इथे बेकायदाच राहताय."

इथे खरा घोळ आहे. बेकायदा काय आहे, घर की भाडेकरू? मालक ही दोन्ही एकाच पिशवीत भरतो आणि बहुतेक भाडेकरू ते मुकाट मान्य करतात. बांधकामाला परवानगी नसणं, करार नोंदलेला नसणं, घर भाड्याने द्यायला मनाई असणं, या तिन्ही गोष्टींत चूक आधी देणाऱ्याची असते. घेणाऱ्याला त्यामुळे त्या घरात कायम राहायचा हक्क मिळत नाही, हेही तितकंच खरं. पण त्याला कुणी कसं काढायचं, याला पद्धत आहे. शिवाय त्याचे पैसे कुणी आणि कसे परत करायचे, याला कायदा आहे.

कागदापासून सुरुवात करू. अकरा महिन्यांचा करार हे महाराष्ट्राचं एक सांस्कृतिक वैशिष्ट्य मानायला हरकत नाही. वर्षापेक्षा कमी मुदत असली की नोंदणी लागत नाही, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यातलं शहाणपण आजोबांकडून नातवापर्यंत आलेलं आहे. मधल्या काळात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला, ही बातमी मात्र अनेक घरांत अजून पोचायची आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून गंमत पुढे आहे. करार नोंदलेला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्पपेपर नाचवत "यात सगळं लिहिलंय" म्हणणाऱ्या मालकाला हे कलम कुणी वाचून दाखवलं, तर तो पहिल्यांदा चहा मागवतो.

मुंबई-ठाण्यात याच स्टॅम्पपेपरवर 'हेवी डिपॉझिट' नावाचा व्यवहार चालतो. भाडं शून्य; त्याऐवजी काही लाख रुपये एकरकमी द्यायचे आणि मुदत संपली की परत घ्यायचे. फुकट राहिल्यासारखं वाटतं. मालकाने त्या पैशातून बहुधा मुलीचं लग्न तरी केलेलं असतं किंवा गावाला स्लॅब तरी टाकलेला असतो. त्याच्याकडे डिपॉझिट परत मागितलं की तो पुढच्या हेवी डिपॉझिटवाल्याची वाट बघायला सांगतो. इमारतीवर पालिकेची नोटीस लागली की पुढचा माणूस येतच नाही आणि ही साखळी नेमकी आपल्या नायकाशी तुटते.

खोली खाली करत नाही म्हटल्यावर मालकाची आयुधं बाहेर येतात. आधी पाण्याचा वॉल्व्ह फिरतो. मग मीटरमध्ये बिघाड होतो. शेवटी भाडेकरू कामावर गेला असताना दाराला दुसरं कुलूप लागतं आणि आतला गॅस, गाद्या आणि गॅझेटेड अधिकाऱ्याने साक्षांकित केलेल्या मार्कशीट आतच राहतात. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे भाडेकरूचं पाणी-वीज सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. जिन्यातला दिवा, लिफ्ट आणि सफाई यांचाही त्या यादीत समावेश आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांपैकी कुणीतरी चाळीत राहिलेलं असणार. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की वीज ही मूलभूत गरज आहे आणि मालकाने ना हरकत दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही.

कुलपाबद्दल तर त्याच न्यायालयाचा १९८९ चा मुंबईतला निकाल आहे. एका बाईंनी धंदा चालवायला घेतला होता, मुदत संपल्यावर त्यांना परस्पर बाहेर काढण्यात आलं. न्यायालयाने सांगितलं की स्थिर ताबा असलेल्या माणसाला तिथे राहायचा हक्क नाही असं क्षणभर धरलं, तरी मालकाला त्याला कायद्याच्या मार्गानेच काढता येतं. असं परस्पर काढलेल्या माणसाला विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात घर खरं कुणाचं हा प्रश्न बाजूला राहतो. झोपडपट्टी म्हणून जाहीर झालेल्या भागात तर राहणाऱ्याला काढण्यासाठी दावा लावायलाच सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

हे सगळं वाचून भाडेकरू पोलीस चौकीत जातो. तिथे ठाणे अंमलदार त्याचं ऐकून घेतात आणि चार शब्दांत निकाल देतात: "हे सिव्हिल मॅटर आहे." मालक आधी गेला असता तर त्यालाही हेच ऐकायला मिळालं असतं, एवढी एक समता तिथे नक्की आहे. कुलूप तोडून सामान रस्त्यावर टाकलं असेल तर मात्र ते निव्वळ सिव्हिल राहत नाही. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि दाराचा फोटो काढावा. बेकायदा घरात राहणाऱ्या माणसाला फोटोची सवय असलेली बरी.

मात्र या सुखात फार रमू नये. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याची मुदत संपली आणि तो हललाच नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि मुदत संपल्यापासून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. "केस चालेल वीस वर्षं" हा सल्ला देणारे मित्र पागडीच्या जमान्यातले असतात. या प्रकरणांसाठी वेगळी, आटोपशीर प्रक्रिया आहे. दुसऱ्याच्या घरात केवळ सांभाळायला म्हणून राहिलेल्यालाही दिवस मोजून हक्क मिळत नाही. गोव्यातल्या एका भाऊ-बहिणीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे स्पष्ट केलं: राखणदार कितीही वर्षं राहिला तरी तो राखणदारच.

आता दुसरा प्रसंग, आणि हा जास्त वाईट. मालक काही म्हणत नाही. पालिकाच दारावर कागद चिकटवते. कागदावर नाव विकासकाचं असतं, जो 'सापडत नाही'. त्याखाली जमीनमालकाचं, जो 'गावी गेलेला आहे'. सापडतो तो फक्त भाडेकरू, कारण तो बिचारा दारातच उभा असतो. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर प्रकरणात सांगितलं की बांधकाम पाडण्याआधी मालकाला किंवा राहणाऱ्याला किमान पंधरा दिवसांची नोटीस हवी, ती नोंदणीकृत टपालाने पाठवायला हवी आणि वास्तूवरही लावायला हवी. म्हणणं ऐकून घ्यायला हवं, पाडकामाचं चित्रीकरण हवं. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेलगतची जागा, नदी-नाले यांच्यावरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही. आणि न्यायालयानेच पाडायचा हुकूम दिला असेल तर तेव्हाही नाही. मुंबईच्या आसपास गाजलेली पाडकामं बहुतेक न्यायालयाच्याच हुकमाने झालेली असल्यामुळे, हे पंधरा दिवस ज्याला सगळ्यात जास्त हवेत त्याच्या वाट्याला ते येतीलच असं नाही.

नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणीच मिळवली होती. म्हणजे तिथे कागद मागणाऱ्या शहाण्या माणसालाही कागद दाखवता आला असता! २०२४ च्या नोव्हेंबरात त्याही पाडायचा हुकूम झाला. अशा प्रत्येक वेळी घर विकत घेतलेल्यांचा मोर्चा निघतो, पुढारी येतात, पुनर्वसनाची मागणी होते. भाडेकरू या मोर्चात नसतो. मागणी काय करायची हेच त्याला ठाऊक नसतं. तो टेम्पोवाल्याशी भावात घासाघीस करत असतो.

पावसाळ्याचा आधार थोडा असतो. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात राहती घरं पाडू नयेत, असं राज्य शासनाचं धोरण आहे. न्यायालयाचा हुकूम आणि अतिधोकादायक इमारत यांच्या आड मात्र पाऊस येत नाही.

आणि तसंच हवं. ४ एप्रिल २०१३ ला शीळ-मुंब्रा भागात एक अनधिकृत इमारत कोसळली. बांधकाम अजून चालू होतं, तरी खालच्या मजल्यांवर बिऱ्हाडं आलेली होती. ७४ माणसं गेली. अभियंत्याने इमारत पडेल असं लिहून दिल्यावर स्थगिती आणणाऱ्या वकिलाची फी देण्यापेक्षा टेम्पोचं भाडं देणं केव्हाही स्वस्त. भाडेकरूचे बाकीचे सगळे हक्क रस्त्यावर उभं राहूनही बजावता येतात.

इथे जुन्या, पागडीच्या भाडेकरूची गोष्ट वेगळी आहे, ती नव्याने आलेल्याने स्वतःला लावून घेऊ नये. इमारत अधिकृत पण मोडकळीला आलेली असेल आणि पालिकेने पाडली, तर जुन्या भाडेकरूचा हक्क विटांबरोबर ढिगाऱ्यात जात नाही. सांगलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हेच सांगितलं. म्हणून सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरलेली इमारत सोडताना जुन्या भाडेकरूने आपल्या खोलीचं मोजमाप पालिकेच्या यादीत आलं आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं असतं. लिव्ह अँड लायसन्सवाल्याने फक्त आपला फ्रिज उतरवताना दरवाजाच्या चौकटीला धक्का लागणार नाही, एवढं बघायचं.

मग या सगळ्यात भाडेकरूने काय करायचं असतं? पहिलं म्हणजे भाडं द्यायचं असतं. "तुमची बिल्डिंगच बेकायदा आहे, भाडं कसलं मागता?" हा सवाल चौकात फार जोरदार वाटतो, कोर्टात तो टिकत नाही. ज्याच्याकडून ताबा घेतला त्याच्या मालकीवर ताबा असेपर्यंत शंका घेता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं आणि २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही आहे. राहिलेल्या दिवसांचा मोबदला द्यावा लागतो. मालक घेत नसेल तर पाठवून पोच ठेवायची. विजेचं बिल शेवटच्या दिवसापर्यंत भरायचं. मधल्या काळात आपल्या जागी मावसभावाला बसवून जायचं नाही. कारण मालकाच्या परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणं हा अनधिकृत घरातला आणखी एक अनधिकृत मजला होतो. निघताना पंखे, नळ, गिझर जागेवर आहेत याचा व्हिडिओ काढायचा, चावी द्यायची आणि चावी दिल्याचं लिहून घ्यायचं. चावी मिळाल्याचं लिहून द्यायला मालकाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्याला घायकुतीला आणायचा एकच उपाय असतो, चावी खिशात ठेवून शांतपणे चहा पिणं.

राहता राहिलं डिपॉझिट. करारच बेकायदा होता तेव्हा परतीचा प्रश्नच नाही, असं सांगणारे मालक आणि ते पटणारे भाडेकरू, दोघंही भेटतात. भारतीय करार अधिनियमाचं कलम ६५ याच्या उलट बोलतं. करार रद्दबातल निघाला, तर त्यातून ज्याने फायदा घेतला त्याने तो परत करायचा असतो. घर बेकायदा आहे हे मालकाने लपवलं असेल तर भाडेकरूची बाजू भक्कम असते. "भाचा म्हणून राहा" हे ठरवून दोघंही हसले असतील, तर न्यायाधीश तितकेसे हसत नाहीत. म्हणूनच पैसे बँकेतून द्यायचे, 'उसने परत' असं न लिहिता 'डिपॉझिट' असं लिहायचं, आणि तीन वर्षांच्या मुदतीत मागणी लावून धरायची. घरमालकाने पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवली असेल तर तो कागदही जपून ठेवावा. आपण त्या घरात मामाकडे पाहुणे म्हणून आलो नव्हतो, याचा तो सरकारी शिक्क्याचा पुरावा असतो.

इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे पालिकेकडे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाची फी दहा रुपये आहे. एजंटाची दलाली एक महिन्याचं भाडं.